घराच्या पुरवणीत काम चालू असलेलं घर कधी दिसणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी आपल्या पेपरची जुनी वाचक आहे आणि घर-सजावटीची पुरवणी आली की आधी ती उघडते, बाकीचा पेपर नंतर. हे पत्र तक्रारीचं आहे पण आपुलकीतून लिहितेय, हे आधीच सांगते.

पुरवणीतली घरं बघायला सुंदर असतात, त्यात वाद नाही. पण फोटो बघून झाले की माझ्या हाती काहीच लागत नाही. हॉल एवढा मोठा की आमचं अख्खं घर त्यात मावेल, एका भिंतीला दगड, दुसरीला लाकूड, वर फॉल्स सीलिंग, आणि खाली लिहिलेलं असतं 'मॉडर्न मिनिमल लुक'. काम किती दिवस चाललं, आधी काय केलं, नंतर काय केलं, कुठे पैसे वाचले, कुठे चुकलं, काही म्हणजे काही नसतं. त्यामुळे माझ्यासारखी माणसं, ज्यांना घराची मनापासून आवड आहे, हातात ड्रिल धरायची तयारी आहे पण बजेट बेताचं आहे, ती असं समजून बसतात की मॉडर्न डिझाइन हा आपला विषयच नाही.

आणि हे इतकं उलटं आहे! गेली तीन वर्षं घराचं काम थोडं थोडं करताना मी या विषयावर मिळेल ते वाचत गेले आणि माझ्या लक्षात आलं की मॉडर्न डिझाइन निघालंच मुळी सामान्य माणसाला परवडावं म्हणून. ऑस्ट्रियाच्या तोनेट या फर्निचर कंपनीची १४ नंबरची खुर्ची घ्या, १८५९ सालची. वाफेवर वाकवलेल्या लाकडाचे सहा तुकडे, दहा स्क्रू आणि दोन नट, एवढीच ती खुर्ची. सुट्या भागांच्या छत्तीस खुर्च्या एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर उंच अशा खोक्यात बसायच्या, म्हणून दूरवर पाठवणं स्वस्त पडायचं आणि जिथे पोचेल तिथे कुणीही जोडून घ्यायचं. आज आपण सपाट खोक्यातून फर्निचर आणून घरी जोडतो त्याची सुरुवात एवढी जुनी आहे. ती खुर्ची छान दिसते कारण तिच्यात जादाचं काही नाही, आणि जादाचं काही नाही म्हणूनच ती स्वस्त होती. या दोन्ही गोष्टी एकच आहेत हे मला त्या खुर्चीवरून कळलं.

पुढे १९१९ मध्ये जर्मनीत बाउहाउस ही कला आणि डिझाइनची शाळा निघाली. तिथल्या मार्सेल ब्रॉयरने १९२५ च्या सुमाराला सायकलचं हँडल बघून पोलादी नळीची खुर्ची केली, आणि १९२८ मध्ये हानेस मायर तिथले प्रमुख झाले तेव्हा त्यांचा आग्रहच होता की श्रीमंतांची हौस बाजूला ठेवा, लोकांची गरज बघा. अमेरिकेत चार्ल्स आणि रे ईम्स या डिझायनर जोडप्याने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नौदलासाठी प्लायवूड वाकवून जखमी पायाला बांधायच्या पट्ट्या केल्या आणि तेच तंत्र वापरून नंतर खुर्च्या केल्या. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने तर १९४८ मध्ये कमी खर्चाच्या फर्निचरची आंतरराष्ट्रीय स्पर्धाच ठेवली होती. आज यातल्या बऱ्याच खुर्च्या चैनीच्या वस्तू म्हणून विकल्या जातात याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण त्या करणाऱ्यांच्या मनात ते नव्हतं.

मला सगळ्यात जवळची वाटते ती ऑस्ट्रियाची आर्किटेक्ट मार्गारेटे श्यूटे-लिहोत्स्की. १९२६ मध्ये तिने फ्रँकफर्टच्या नव्या वसाहतींसाठी स्वयंपाकघर डिझाइन केलं, साधारण १.९ मीटर बाय ३.४ मीटर, म्हणजे आपल्याकडच्या कितीतरी किचनांएवढंच. काम करणारी बाई किती पावलं चालते, कुठे वाकते, कशाला किती वेळ लागतो, याच्या अभ्यासाचा आधार तिने घेतला, आगगाडीच्या डब्यातलं स्वयंपाकघर डोळ्यापुढे ठेवलं आणि मग कपाटं, ओटा, सरकता दिवा, सगळं त्या हिशोबाने बसवलं. अशी सुमारे दहा हजार किचन्स बसवली गेली. पुढे त्यावर टीकाही झाली की त्यात एकच माणूस मावतो आणि बाई एकटी पडते, आणि ती टीका मला पटते, पण पद्धत बघा ना. आधी माणसाचं काम बघायचं आणि मग माप घ्यायचं. यात महाग काय आहे?

हे वाचून मी आमच्या किचनमध्ये तेच केलं. तोडफोड करायच्या आधी एक आठवडा वहीत लिहीत गेले की मी कुठून कुठे जाते. जाणकार सांगतात की सिंक, शेगडी आणि फ्रिज या तिघांमधली अंतरं मिळून साधारण चार ते आठ मीटरच्या आत असावीत, मध्ये अडथळा नसावा. आमच्याकडे अंतर ठीक होतं, अडचण वेगळीच निघाली. फ्रिजचं दार उघडलं की वाट बंद व्हायची आणि सिंकशेजारी सामान टेकवायला हातभरसुद्धा जागा नव्हती. फ्रिजच्या दाराच्या बिजागऱ्या दुसऱ्या बाजूला लावून घेतल्या, बऱ्याच फ्रिजना ती सोय असते, कंपनीचं माहितीपत्रक बघायचं. आणि सिंकशेजारचं एक उभं कपाट काढून तिथे ओटा पुढे नेला. अख्खं किचन बदलायचं म्हणून जो खर्च आम्ही मनात धरला होता त्यातला मोठा भाग एवढ्यानेच वाचला.

कपाटांचंही तसंच झालं. आमच्याकडे आलेला पहिला माणूस म्हणाला सगळं काढून टाका, नवीन मॉड्युलर बसवू. दुसरे एक वयस्कर सुतारकाका आले, त्यांनी दारं उघडून आतले सांगाडे हाताने दाबून बघितले, खालच्या कडा बघितल्या आणि म्हणाले, "ताई, खोकी चांगली आहेत, फुगलेली नाहीत, नुसती दारं बदला." लाकडाचा चुरा दाबून केलेले पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ पाणी पितात ते कडेने, म्हणून आधी कडा बघायच्या. कडा कोरड्या आणि घट्ट असतील तर सांगाडा अजून बरीच वर्षं चालतो. आम्ही साध्या एका रंगाच्या सपाट लॅमिनेटची दारं लावली, सगळ्या कडांना नीट पट्टी मारून घेतली, आणि किचन असं दिसायला लागलं की शेजारच्या काकू विचारायला आल्या कुठून करून घेतलं. हँडल मी स्वतः बदलली. एक गोष्ट आधी कुणी सांगितली असती तर दोन हेलपाटे वाचले असते, हँडलच्या दोन भोकांतलं अंतर बहुतेक वेळा ३२ मिलिमीटरच्या पटीत असतं, ९६ किंवा १२८ वगैरे, ते एका भोकाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत मोजून मगच नवीन घ्यायची म्हणजे जुनीच भोकं वापरता येतात. पुरवणीत अशी एक ओळ आली तर किती लोकांना उपयोग होईल!

आता जिथे चुकलं ते पण सांगते, कारण माझ्या मते छापायला हवं ते हेच. हॉलच्या एका भिंतीला पोपडे आले होते. आम्हाला घाई होती, घरात पाहुणे येणार होते, आणि काम घेणाऱ्या माणसाने सांगितलं की खरवडून पुट्टी मारू, वर चांगला रंग लावू, काही होत नाही. आम्ही ऐकलं. चार महिन्यांत त्याच जागी रंग फुगला आणि पांढरी भुकटी गळायला लागली. रंगाचे, पुट्टीचे, मजुरीचे सगळे पैसे पाण्यात गेले. नंतर कळलं की भिंतीपलीकडे बाथरूमच्या पाइपचा सांधा झिरपत होता. आणि ओल कुठून येते हे बघायची एक इतकी सोपी युक्ती आहे की कळल्यावर मला फार हळहळ वाटली. पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा भिंतीवर चारी बाजूंनी टेपने घट्ट चिकटवायचा आणि एक-दोन दिवस ठेवायचा. पाण्याचे थेंब प्लास्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला जमले तर ओल भिंतीतून येतेय, खोलीकडच्या बाजूला जमले तर खोलीतल्या हवेतला दमटपणा आहे. पहिल्यात गळती शोधावी लागते, दुसऱ्यात वारा खेळता ठेवावा लागतो. रंग हे दोन्हींवर औषध नाही. गळती बंद केल्यावरही भिंत वाळायला कित्येक आठवडे लागतात, कधी महिने, आणि तोपर्यंत उघडी भिंत बघत राहायची हिंमत ठेवावी लागते. आम्ही दुसऱ्या वेळी ठेवली. ती भिंत आता एकदम छान आहे.

म्हणून मला वाटतं की क्रम हा विषय पुरवणीत पुन्हा पुन्हा यायला हवा. आधी पाणी, मग वीज, मग भिंती आणि जमीन, आणि सगळ्यात शेवटी दिसणाऱ्या गोष्टी. लोक नेमकं उलटं करतात कारण फोटोत पाइप दिसत नाही, सोफा दिसतो. बाथरूमला नवीन टाइल्स लावायच्या आधी वॉटरप्रूफिंग करून त्यावर निदान एक दिवस पाणी साठवून ठेवायचं आणि खालच्या छताला ओल येते का ते बघायचं, हे काम चालू असताना कुणी सुचवलं तर मिस्त्री म्हणतो एक दिवस फुकट जाईल. त्या एका दिवसासाठी अडून बसायचं हे मालकाला माहीत असेल तरच तो अडून बसेल ना. तसंच जे बजेट असेल त्यातला दहा-पंधरा टक्के भाग बाजूला ठेवायचा, जुन्या घरात तर वीस टक्के, कारण लादी उचलल्याशिवाय खाली काय निघेल ते कुणालाच माहीत नसतं.

स्वस्तात सगळ्यात जास्त फरक कशाने पडतो असं मला कुणी विचारलं तर मी दिवे सांगेन. आमच्या हॉलमध्ये छताच्या मधोमध एकच पांढराफेक ट्यूबसारखा एलईडी होता. पाकिटावर केल्विनचा आकडा असतो, ६५०० म्हणजे निळसर पांढरा, ४००० मधला, २७०० ते ३००० म्हणजे पिवळसर उबदार. आम्ही मधला दिवा तसाच ठेवला, साफसफाईला आणि काही शोधायला लागतो, पण खुर्चीजवळ एक, कोपऱ्यात जमिनीवर एक आणि पुस्तकांच्या फळीवर एक असे तीन छोटे २७०० वाले लावले. रात्री घर बदलूनच गेलं, एक भिंत पाडली नाही की एक खुर्ची विकत घेतली नाही. पाकिटावर आणखी एक आकडा असतो, सीआरआय, तो ९० च्या वर असेल तर कापडांचे, लाकडाचे रंग खरे दिसतात. हा आकडा बघायचा असतो हे मला इतकी वर्षं माहीतच नव्हतं.

रंगाचंही दिव्यांशी नातं आहे. शेडकार्डवरचा तो बोटभर तुकडा बघून रंग ठरवू नये. छोटा डबा आणून मोठ्या पुठ्ठ्यावर दोन हात मारायचे आणि तो पुठ्ठा सकाळी, दुपारी आणि रात्री दिवे लावून वेगवेगळ्या भिंतींवर टेकवून बघायचा. जिथे ऊन येत नाही त्या खोलीत पांढरा शुभ्र रंग मळकट करडा दिसतो, हे बऱ्याच जणांना रंग लावून झाल्यावर कळतं. आमच्या आतल्या खोलीला आम्ही पांढरा द्यायचा हट्ट सोडला आणि फिकट मातकट रंग दिला, ती खोली आता घरातली सगळ्यांची आवडती आहे.

फर्निचर घेण्याआधी मी आणखी एक करते आणि त्यात आपल्या पेपरचा हात आहे. जुनी पानं एकमेकांना चिकटवून सोफ्याच्या किंवा टेबलाच्या मापाची कापायची, जमिनीवर पसरायची आणि दोन दिवस त्यांच्या कडेकडेने वावरायचं. येण्याजाण्याच्या वाटेला साधारण नव्वद सेंटिमीटर जागा उरली पाहिजे, सोफा आणि पुढचं टीपॉय यात चाळीस-पंचेचाळीस. असं करून आम्ही एका मोठ्या सोफ्यापासून वाचलो, दुकानात तो छोटा वाटत होता, कागदावर त्याने बाल्कनीची वाट अडवली.

स्वतः काय करावं आणि काय करू नये हे पण आपण स्पष्टपणे लिहायला हवं असं मला कळकळीने वाटतं. फळ्या लावणं, रंग, हँडल, पडद्याचे रॉड, जुन्या टेबलाला पॉलिश पेपर मारून नवीन फिनिश देणं, हे आवड असलेला कुणीही शिकू शकतो. इटलीच्या एन्झो मारी या डिझायनरने १९७४ मध्ये साध्या फळ्या आणि खिळे वापरून करता येतील अशा टेबल, खुर्ची, पलंग वगैरेंचे एकोणीस आराखडे तयार केले आणि टपालखर्च पाठवणाऱ्या कुणालाही ते पाठवले. अट एवढीच की कारखानदार आणि व्यापाऱ्यांनी ते वापरायचे नाहीत. त्यांना वाटायचं की माणसाने एकदा स्वतः खुर्ची केली की चांगली खुर्ची कशी असते हे त्याला आपोआप कळायला लागतं. मी त्या पद्धतीने एक बाक केला, एक पाय थोडा आखूड झाला होता, तो नीट करताना मला जे कळलं ते कितीही वाचून कळलं नसतं. पण भिंत पाडणं, पिलरला किंवा बीमला हात लावणं, विजेच्या बोर्डात हात घालणं हे आपलं काम नाही, तिथे इंजिनिअर आणि परवानाधारक वायरमनच हवा. विजेचं काम निघालंच आहे तर गळतीचा करंट ३० मिलिअँपिअरच्या आसपास गेला की बंद पडणारा ब्रेकर आहे का ते त्याला विचारून घ्यावं, नसेल तर सोफ्याआधी तो बसवावा. आणि फार जुन्या घरांतल्या रंगात शिसं असू शकतं, तो कोरडा घासून धूळ उडवणं लहान मुलांसाठी फार वाईट. आधी तपासून घ्यावा, आणि शिसं निघालं तर त्या कामातली माहिती असलेल्या माणसाला बोलवावं. टाइल्स कापतानाची धूळ पण छातीला घातक असते, काम करणाऱ्या माणसाला पाणी मारून कापायला सांगावं आणि चांगला मास्क द्यावा, तो आपल्या घरासाठी ती धूळ खातोय.

तर माझी विनंती अशी आहे. पुरवणीत महिन्यातून एकदा तरी एक पान अशा घराला द्या जिथे काम चालू आहे. अर्धी भिंत उघडी, जमिनीवर पोती, कपाटाला दारं नाहीत, अशा घराचा फोटो छापा. क्षेत्रफळ लिहा, क्रम लिहा, किती दिवस ठरले होते आणि किती लागले ते लिहा, एकूण खर्चातला किती भाग न दिसणाऱ्या कामावर गेला ते लिहा, आणि राहणाऱ्या माणसाला विचारा की पुन्हा करायचं झालं तर काय वेगळं कराल. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांसाठीही लिहा, भोक न पाडता, जाताना बरोबर नेता येईल असं काय करता येतं, कारण तेही घरच असतं आणि त्यांनाही सुंदर घरात राहावंसं वाटतं. सुतार, गवंडी, प्लंबर यांच्या मुलाखती घ्या, त्यांना डिझायनरइतकंच माहीत असतं आणि त्यांचं नाव फोटोखाली कधीच नसतं. आमचे सुतारकाका जे दहा मिनिटांत शिकवून गेले ते मी कुठल्याच पुरवणीत वाचलं नव्हतं.

तीन वर्षांच्या माझ्या दोन वह्या भरल्यात, त्यात मापं आहेत, चुका आहेत, कुठल्या महिन्यात काय केलं ते आहे, त्या ओल्या भिंतीचे पहिल्या दिवसापासूनचे फोटो आहेत. आपल्याला पहिल्या पानासाठी घर मिळत नसेल तर आमचं घ्या. बाथरूमचं काम पुढच्या महिन्यात सुरू होतंय, पाणी साठवून ठेवायचा दिवस ठरला की कळवते, त्या दिवशी फोटोग्राफर पाठवलात तर बरं होईल.

आपली,
एक नियमित वाचक